मत गुप्त, वस्ती उघडी

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर दोन दिवस एकच चर्चा असते. कुठल्या बूथवर कोणाला किती पडली? मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. केंद्रनिहाय मतांचा तक्ता समोर धरला की एकेक वस्ती डोळ्यांपुढे येते. ही पेठ, हा मोहल्ला, हे स्टेशनकडचे, आणि ही आपली, भीमनगराची शाळा.

परवा विहारात वंदना आटोपल्यावर गल्लीतल्या आक्का जवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊ, मत गुपित असतं म्हनता ना तुम्ही? मंग नळाचं विचारायला गेले तर नगरसेवक म्हनला, तुमच्या शाळेत मला मतंच न्हाईत, पानी कुठून देऊ? त्याला कसं कळलं?"

आक्कांचा प्रश्न भल्याभल्या पुढाऱ्यांना सुचत नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची सोय होती. मतदान यंत्र आले आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. २०१५ साली विधी आयोगानेही तेच म्हटले. सरकारने मात्र ते मानले नाही. पेठेतल्या केंद्रावर दहा जातींचे लोक मत देतात, तिथे कोणी कोणाला दिले हे कोण सांगणार? आपली वस्ती गावाने आधीच वेगळी काढून ठेवलेली. त्यामुळे आक्कांचे मत गुप्त राहिले, पण वस्तीचे मत चव्हाट्यावर आले.

आता दुसरी बाजू. "बौद्धांचे गठ्ठा मत" असा शब्द वर्तमानपत्रांतून नेहमी वाचायला मिळतो. तक्ता तसे म्हणत नाही. २०२४ च्या लोकसभेला संविधानाचा प्रश्न होता, तेव्हा आमच्या शाळेतली मते बरीचशी एका बाजूला गेली. नगरपरिषदेला त्याच शाळेत, त्याच माणसांची मते पाच ठिकाणी फुटली. आपलेच तिघे उभे होते. एक भावकीचा, एक गटाचा, आणि एक कोणीतरी उभा केलेला! कोणी पतपेढीच्या कर्जामुळे दबलेले, कोणाचा मुलगा सफाईच्या ठेक्यावर. आदल्या रात्री पाकिटे फिरली, हेही लपवण्यात अर्थ नाही. पाकिटे आपल्याच पोरांनी वाटली.

सबंध राज्याचे चित्र फार निराळे नाही. ऐक्य झाले, १९९८ साली काँग्रेसशी समझोता झाला, आणि ॲड. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. पुढे पुन्हा फाटाफूट. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला राज्यात सात टक्क्यांच्या जवळपास मते पडली, २०२४ ला त्याच्या निम्मीही राहिली नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सहा टक्क्यांहून थोडे कमी आहेत. ही बेरीज मांडली की एकट्याने काय होते आणि काय होत नाही, ते कळते.

अशा वेळी मला भंडारा आठवतो. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि मतदाराला दोन मते. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब १४ हजार ५६१ मतांनी पडले, आणि हजारो मते कुजवली गेली. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत कार्यकर्त्यांनी सुचवले, आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगा, म्हणजे निवडून याल. बाबासाहेबांनी नकार दिला, ज्याने घटना लिहिली तो मत वाया घालवा असे कसे सांगेल, असे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी ते पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

नगरपरिषदेला आज एका प्रभागात साधारणपणे दोन जागा आणि वर नगराध्यक्ष, म्हणजे तीन मते. आमच्या वस्तीत पहिल्या मतावर चार बैठका झाल्या, भांडणे झाली. उरलेली दोन कोणाला, यावर एकही बैठक झाली नाही. ती दोन मते पाकिटाबरोबर गेली. आणि नळ नगराध्यक्षाच्या हातात!

आक्कांना मी सांगितले की १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे, मतांच्या बदल्यात द्यायची ती वस्तू नव्हे. त्या म्हणाल्या, "मंग लिवा की अर्ज. मला कशाला सांगता?"

लिहिला. पहिला अंगठा आक्कांचा. निवडणुकीत एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तिन्ही उमेदवारांच्या सह्या एका कागदावर घ्यायला मात्र चार रात्री गेल्या. तिसऱ्याने सही केली ती त्याच्या आईने रागे भरल्यावर. अर्जाची पोच मिळाली आहे. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना भेटायचे ठरले आहे, आणि बोलणार आक्का आहेत.