नाग नदीला नावं ठेवतो, आपल्या तलावाचं काय?


आज औषधाचं प्रमाण नाही, माझं मत पाठवतो आहे. थोडं लांब आहे, जेवण झाल्यावर वाचा.

गोसेखुर्दच्या पाण्याचा विषय निघाला की आपली सभा तापते, आणि तापलीच पाहिजे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून धरणात येते. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी नाग नदीच्या १,९२५ कोटींहून मोठ्या प्रदूषणमुक्ती प्रकल्पाचं भूमिपूजन केलं. त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही.

पण नागपूरचा थेंबही जिथे पोचत नाही, त्या गावातल्या मामा तलावाचं काय?

दोन वर्षांआधी धान निसवायच्या वेळेस एका गावी गेलो. तलावाच्या काठावर चार फवारणी पंप धुणं सुरू, बाजूला रिकाम्या बाटल्या. दोन दिवसांनी फोन आला, "साहेब, मासे उलटे तरंगून राहिले." पाणी कोणी तपासलं नाही, म्हणून त्याच औषधानं मेले असं मी छातीठोक सांगत नाही. पण बाटल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या होत्या, आणि ते माशांना फार विषारी असते हे मला डिप्लोमालाच शिकवलं होतं. तलाव ढिवर बांधवांच्या संस्थेकडे होता. आपल्याला धान, तसे त्यांना मासे.

त्या फवारणीचा मेसेज मीच पाठवला होता. त्यात प्रमाण होतं, वेळ होती. पंप कुठे धुवायचा, हे नव्हतं.

"एका बाटलीनं का होते जी?" असं एक काकाजी म्हणाले. एका बाटलीनं नसेल होत. पण तुडतुडा आला की अख्खं गाव एकाच आठवड्यात फवारते, आणि सगळे पंप त्याच काठावर येतात.

तर बाटली संपली की पाव भाग पाणी टाका, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. पैसे मोजलेलं औषध आहे, बांधीतच जाऊ द्या. पंपाचं धुवणही फवारलेल्या बांधीतच. तुडतुड्यासाठी बांधीतलं पाणी काढायचं असेल तर फवारणीच्या आधी काढा, नंतर चार-पाच दिवस धुरा फोडू नका. आणि मुळात चुडाच्या बुंध्याशी वाकून पाहा. चुडाला ५ ते १० तुडतुडे दिसत नसतील तर पंप घरीच राहू द्या. शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारायचं, हे मला पटत नाही. (युरियाचा हात सैल असला की तुडतुडा वाढतो, हे तर दरवर्षी सांगतो.)

आता कंपनीबद्दल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामे डबे आणि धुवणाचं पाणी प्रदूषण न होता निकालात काढा असं आहे. पण एकट्या शेतकऱ्यानं बाटली न्यायची कुठे? औषध आपल्या काउंटरवरून जाते, तर रिकामी बाटलीही काउंटरनंच परत घ्यावी. मी तसं संचालकांना लिहून दिलं आहे. ठेवायच्या कुठे, पुढे नेण्याचा खर्च कोण करेल, असं दोघांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं, तो खर्च औषधाच्या नफ्यातून व्हावा.

पुढच्या सभेत हा विषय येईल. तोवर तीनदा धुतलेल्या, भोक पाडलेल्या बाटल्या पोत्यात वेगळ्या ठेवा, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, जाळू नका. परत आणून देणार असाल तर याच नंबरवर "हो" पाठवा. नसाल तर का नाही, तेही लिहा.

आपला,
कृषी सल्लागार