एसटीचा ड्रायव्हर

मंडळी, शीर्षक वाचून लाल डबा आठवला असेल तर जरा थांबा. ही एसटी वेगळी! लिनक्समध्ये टेप ड्राइव्ह चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव 'एसटी' आहे, म्हणजे स्कझी टेप. "अजून टेपा वापरतात?" हा घरच्यांचा नेहमीचा प्रश्न. वापरतात हो. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात, तेही डेटा न दाबता.

पण आजचा विषय टेपची थोरवी नाही. 'बॅकअप यशस्वी' एवढा मेसेज पाहून जे निर्धास्त झोपतात, त्यांच्याबद्दल माझं एक मत आहे आणि ते या ड्रायव्हरकडे बघूनच पक्कं झालंय.

टेप म्हणजे आपली जुनी कॅसेटच. तिसरं गाणं ऐकायचं तर आधीची दोन ओलांडावी लागतात. फाइलींची नावं, फोल्डर वगैरे या ड्रायव्हरच्या गावीही नसतं. त्याला कळतात फक्त डेटाचे ठोकळे, आणि एक ढीग संपला की मारलेली खूण, म्हणजे फाइलमार्क. लिहिणं संपवून प्रोग्रॅमनं ड्राइव्ह बंद केला की ही खूण तो आपणहून मारतो.

खरी गंमत पुढेच आहे. एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-० आणि एनएसटी-०. पहिल्या नावानं उघडलात तर काम संपताच टेप गुंडाळून सुरुवातीला येते. दुसऱ्या नावानं उघडलात तर आहे तिथंच थांबते. आता समजा, एखाद्या कचेरीतल्या रात्रीच्या स्क्रिप्टनं आधी हिशेबाचा आणि मग पत्रव्यवहाराचा बॅकअप एसटी-० वर घेतला. दुसरा बॅकअप थेट पहिल्याच्या उरावर! हिशेब गेला, आणि एररचा पत्ता नाही. ड्रायव्हरच्या लेखी काही चुकलेलंच नाही ना... सांगितलं तसं त्यानं केलं.

आणखी एक. प्रोग्रॅमला 'लिहिलं' असं उत्तर मिळतं तेव्हा तो डेटा टेपवर पोचलेला असेलच असं नाही. तो ड्रायव्हरच्या किंवा ड्राइव्हच्या मेमरीत वाट बघत असू शकतो. त्यात अडचण आली तर ती पुढच्या लिहिण्याच्या वेळी कळते, नाहीतर शेवटी ड्राइव्ह बंद करताना. ते शेवटचं उत्तर न बघताच प्रोग्रॅम निघून गेला तर 'यशस्वी' या शब्दाला काय अर्थ उरला?

यावर कुणी म्हणेल, मग ड्रायव्हरच शहाणा करा की! मला ते पटत नाही. टेपवर एकच बॅकअप घेणाऱ्याला आपोआप गुंडाळणं सोयीचंच आहे. तुमच्या मनात काय होतं हे ड्रायव्हर ओळखायला लागला तर उद्या तो चुकीचंही ओळखेल. त्यानं थोडकं वचन द्यावं आणि तेवढं पाळावं, हेच बरं. उरलेली जबाबदारी आपली. आपण मात्र ती त्या एका शब्दावर ढकलून मोकळे होतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांच्या मेल नाहीशा झाल्या. वेगवेगळ्या डेटासेंटरमध्ये ठेवलेल्या प्रतीही त्यात सापडल्या. शेवटी मेल परत आणल्या त्या टेपवरून, कारण टेपा ऑफलाइन होत्या, तो दोष तिथवर पोचूच शकला नाही. पण माझ्या मते यातला महत्त्वाचा शब्द 'टेप' नाही, 'परत आणल्या' हा आहे. बॅकअप घेणं हे अर्धंच काम. तो परत वाचता आला की मगच त्याला बॅकअप म्हणावं.

माझ्या नातेवाइकांकडे टेप नाही, पण लग्नाचे, बारशाचे फोटो एका हार्ड डिस्कवर टाकून ती कपाटात ठेवलेली आहे. त्यांनाही हेच लागू. महिन्यातून एकदा ती जोडा, त्यातला कुठलाही एक जुना फोटो दुसऱ्या काँप्युटरवर उतरवून उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते कुठलाच ड्रायव्हर तुमच्यासाठी करणार नाही.

असो. तुम्ही शेवटचा बॅकअप कधी घेतलात हे मी विचारत नाही. शेवटचा उघडून कधी पाहिलात, तेवढं सांगा!