पगार कामाचा, मान माणसाचा
ओळख होताच आपण ‘काय करता?’ असे विचारतो आणि उत्तरावरून माणसाला खुर्ची द्यायची की दारातूनच बोलायचे, हे ठरवतो. २०२०च्या टाळेबंदीत मात्र अत्यावश्यक सेवांमध्ये डॉक्टरांबरोबर सफाई कामगारही होते. त्यांच्यावाचून शहर चालत नाही, हे सरकारनेच मान्य केले. तरीही २०१३च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी असताना माणसे आजही गटारात गुदमरून मरतात. शिक्षण आणि कौशल्यानुसार फरक राहणारच, असा आक्षेप येईल. पगारापुरता तो मान्य. पण पगार कामाचा ठरतो, माणसाचा नव्हे. शिवाय जिथे पिढ्यान्‌पिढ्या झाडू जन्मानेच हाती दिला गेला, तिथे धंद्यावरून लायकी मोजणे म्हणजे जातीचीच मोजपट्टी पुन्हा लावणे होय.