एकसष्टावा लाडू

दिवाळीत साठ लाडू वळून झाले की गृहिणी निर्धास्त असते. दोन घरी द्या, तीन घरी द्या, चार, पाच, सहा, दहा, बारा घरी द्या. सर्वांना सारखे मिळतात, कुणी रुसत नाही. पण एकसष्ट झाले की पंचाईत! ताटात कशाही मांडा, रांगा म्हणून सारख्या होत नाहीत. (घरातले कर्ते पुरुष जास्तीचा लाडू तोंडात टाकून हे गणित सोडवतात, ती गोष्ट वेगळी.)

साठला बारा विभाजक आहेत. एकसष्टला दोनच, १ आणि ६१. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो. विभाजक आणि पट म्हणजे एकच नाते दोन बाजूंनी पाहायचे. पाच हा साठचा विभाजक, म्हणून साठ ही पाचची पट, म्हणजेच पाचच्या पाढ्यातली. मूळ संख्या एकच्या आणि स्वतःच्या पाढ्याखेरीज कुणाच्याही पाढ्यात सापडत नाही.

मग एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ओळखावे कसे? १९४७ घ्या. अंकांची बेरीज २१, तिला तीनने भाग जातो; म्हणजे १९४७ लाही जातो. झाले काम! आता गोवा मुक्त झाला ते वर्ष घ्या, १९६१. ही संख्या भलतीच चिवट आहे. दोन नाही, तीन नाही, पाच नाही. सातने भागावे तर एक उरतो. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस, सगळे हात हलवीत परत येतात. इथे पुष्कळजण कंटाळून ‘मूळ’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण आणखी एक पाऊल टाका : ३७ गुणिले ५३, बरोबर १९६१!

हे शोधणे कुठवर चालवायचे? वाचकहो, ४४ च्या पुढे मुळीच नाही. ४५ चा वर्ग २०२५, म्हणजे १९६१ हून मोठा. तेव्हा दोन अवयव पाडले तर दोन्ही ४५ किंवा त्याहून मोठे असणे शक्य नाही. धाकटा अलीकडेच सापडला पाहिजे.

चार आकड्यांत एवढी दमछाक, तर एकवीस आकड्यांत काय होईल? दोनला दोनने गुणत जा, असे ६७ दोन घ्या आणि येणाऱ्या संख्येतून एक वजा करा. ही संख्या मूळ आहे, असे १६४४ साली मेर्सेन या फ्रेंच पंडिताने लिहून ठेवले. १८७६ साली ल्युका याने ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही! ते अवयव अमेरिकेतील फ्रँक कोल यांनी १९०३ साली गणितज्ञांच्या सभेत मांडले. ई. टी. बेल यांनी लिहिलेल्या हकीकतीप्रमाणे, कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले आणि १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणून जागेवर येऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. किती वेळ लागला, असे पुढे विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार! (त्यांच्या घरच्या मंडळींचे मत बेल यांनी नोंदविलेले नाही.)

म्हणजे ‘अवयव आहेत’ हे कळणे वेगळे आणि ते हाती लागणे वेगळे. पहिले काम किती सुकर होऊ शकते, हे २००२ साली आपल्या कानपूरच्या आयआयटीत दिसले. मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल व नितीन सक्सेना या विद्यार्थ्यांसह अशी रीत शोधली, की संख्येचे आकडे वाढले तरी ती मूळ आहे की नाही याचा निर्णय, अंदाजाचा आधार न घेता, आवाक्यातल्या वेळात लागतो. दुसऱ्या कामाला तशी रीत आपल्या नेहमीच्या संगणकांसाठी अजून कुणाला गवसलेली नाही.

आणि ती गवसलेली नाही, यावर तुमच्या-आमच्या पैशांची सुरक्षितता बरीचशी टेकलेली आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करायचा, गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव मात्र स्वतःजवळ ठेवायचे, असे कुलूप रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी १९७७ साली घडविले. संगणकावरच्या व्यवहारांत ते आजही पुष्कळ ठिकाणी लागते. २०२० साली अडीचशे आकडी गुणाकाराचे अवयव पाडण्यात यश आले, पण त्यासाठी हजारो यंत्रे राबवावी लागली. आणि नेहमीच्या कुलपातला गुणाकार असतो सहाशेहून अधिक आकडी.

फराळ झाल्यावर पाटीपेन्सिल घेऊन २०२१ चे अवयव तेवढे पाडून पाहा. ४४ च्या पुढे जावे लागणार नाही, पण त्याच्या बरेच अलीकडे थांबूही नका.