नुक्ता हरवू नये म्हणून



लग्नसराई जवळ आली की घरोघरी दावतनाम्यांची चर्चा सुरू होते. अलीकडे त्या चर्चेत एक नवे यंत्र आले आहे, ते म्हणजे कागद कापणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मशीन. क्रिकट, सिल्हूट कॅमिओ अशा नावांनी ते मिळते. दिसायला प्रिंटरसारखेच, पण शाईच्या जागी बारीक पाते. मोबाइलवर किंवा संगणकावर जे चित्र आपण मांडतो, त्याच्या रेषेवरून ते पाते फिरते आणि कागद कापून देते. शिवणयंत्राच्या शेजारी हे मशीन ठेवून ईदकार्डे, ईदीची पाकिटे, निकाहचे दावतनामे, अकीक्याच्या मिठाईच्या डब्यांवरची नावे बनवणाऱ्या मुली आणि गृहिणी आमच्या ओळखीत आता बऱ्याच आहेत. त्यांतल्या काही आमच्याच जुन्या विद्यार्थिनी. भेटल्या की तक्रार एकच असते, "टीचर, कट स्वच्छ येत नाही. कडा केसाळ होतात, कोपरे फाटतात."

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. जरा हिशेब मांडून पाहू. समजा, दोनशे पाकिटांची ऑर्डर आहे. एका जाड कागदात दोन पाकिटे बसतात, म्हणजे शंभर कागद लागतात. कागद पंधरा रुपयांना एक धरला तर दीड हजार रुपये कागदालाच गेले. प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये सुटतात, म्हणजे हाती राहणार हजार रुपये. आता वीस कागद फाटून वाया गेले तर त्यांतले तीनशे रुपये कचऱ्याच्या डब्यात गेले, शिवाय रात्रीचे जागरण वेगळेच. घरखर्चातून पैसे बाजूला काढून मशीन घेतलेल्या बाईला हा तोटा लहान नसतो. दोन-तीन ऑर्डरी अशा गेल्या की "हे आपले काम नाही" म्हणून मशीन कपाटावर जाते.

म्हणून या महिन्यात स्वच्छ कट कसा मिळवावा, याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. कट नीट आला नाही की बहुतेक जणी पात्याचा दाब वाढवतात. फाटण्याचे बरेच प्रकार त्या वाढवलेल्या दाबानेच होतात. पाते कागदाच्या आरपार जावे आणि खालच्या चिकट मॅटला जेमतेम टेकावे, इतकेच हवे असते. त्याहून खोल गेले की ते मॅटमध्ये रुतते, अडखळते आणि कागद ओढून फाडते.

पाते वळते कसे?

हे पाते कात्रीसारखे उघडमिट करत नाही. ते कागदावरून ओढले जाते. दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाके जशी आपण ढकलू तिकडे आपोआप वळतात, तसे हे पाते आपल्या खोबणीत मोकळे फिरते. त्याचे टोक मध्यापासून किंचित बाजूला असते, म्हणून ते रेषेच्या मागे मागे येते. कोपरा आला की त्याला जागच्या जागी वळावे लागते. खोबणीत कागदाचा भुसा किंवा गोंद अडकला असेल, तर वळण अडते आणि नेमका कोपराच फाटतो. सरळ रेषा साफ आणि कोपरे खराब, असे दिसले की आकडे बदलण्याआधी पाते बाहेर काढून पाहावे. खोबण मऊ ब्रशने झाडावी. अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात पात्याचे टोक आठ-दहा वेळा टोचावे, म्हणजे चिकटलेला गोंद आणि तंतू निघतात. याने बोथट पात्याला धार मात्र येत नाही. पाते साफ करूनही कडा केसाळच येत असतील, तर ते बदलण्याची वेळ झाली.

कागदासाठी एक आणि विनाइल स्टिकरसाठी दुसरे पाते ठेवावे. विनाइलचा गोंद लागलेले पाते कागदावर नीट चालत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या की अदलाबदल होत नाही.

कागद पारखून घ्या

कागदाची जाडी ग्रॅमवर मोजतात. झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० ग्रॅमचा असतो. कार्ड आणि पाकिटासाठी २०० ते २५० ग्रॅमचा कागद बरा. पण नुसती जाडी पाहून भागत नाही. एकाच जाडीचे दोन कागद मशीनवर अगदी वेगळे वागू शकतात. घट्ट, गुळगुळीत कागद साफ कापला जातो. ज्याचे तंतू सैल आहेत त्याच्या कडेला लव राहते. घेताना कोपरा फाडून पाहावा. फाटलेल्या कडेवर कापसासारखी लव दिसली, तर तो कागद बारीक नक्षीला घेऊ नये. त्याच वेळी आतला रंगही पाहावा. काही रंगीत कागद आतून पांढरे असतात आणि कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते.

हाताने बनवलेला कागद दावतनाम्याला फार शोभतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हा कागद बनवण्याची परंपरा शतकानुशतके जुनी आहे आणि तिथल्या कागजी कुटुंबांचे नावच त्यांच्या हुनरावरून पडले आहे. या कागदाची मजबुती त्याच्या लांब तंतूंत असते. मशीनच्या पात्याला मात्र तेच तंतू अवघड जातात. त्यावर जाळीदार नक्षी कापण्याचा हट्ट धरू नये. मोठे, सोपे आकार घ्यावे, पाते नवे असावे आणि वेग अगदी कमी ठेवावा. बारीक नक्षी गुळगुळीत कागदावर कापून हातकागदावर चिकटवली, तर दोन्हींची शोभा राहते.

चमकी लावलेला कागद पालथा घालून मागच्या बाजूने कापावा, म्हणजे चमकीने पात्याची धार जात नाही. पण कागद पालथा घातला तर अक्षरेही उलटी करून घ्यावी लागतात. हे विसरले तर नाव आरशातल्यासारखे निघेल.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत कागद हवेतला ओलावा ओढतो, नरम पडतो आणि कापण्याऐवजी फाटतो. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, तोच विचार इथे चालतो. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवाव्या आणि कागद त्यांच्यासह प्लास्टिकच्या बंद पिशवीत आडवा ठेवावा.

मॅट धरून ठेवते

पाते कितीही चांगले असले, तरी कागद खाली सरकत असेल तर रेषेची सुरुवात आणि शेवट जुळत नाही. नवी मॅट फार चिकट असते. साध्या कागदासाठी ती वापरण्याआधी स्वच्छ सुती कपड्यावर दोन-चार वेळा दाबून घ्यावी, नाहीतर काढताना कागदाची साल निघते. जुनी मॅट चिकटेनाशी झाली की लगेच टाकून देऊ नये. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने हलक्या हाताने धुवावी आणि हवेवर सुकू द्यावी. बराचसा चिकटपणा परत येतो. काम झाले की वरचे प्लास्टिकचे आवरण परत लावावे. घरातली धूळ आणि मांजराचे केस हे मॅटचे मोठे शत्रू.

कागद मॅटवर ठेवल्यावर त्यावर दुसरा कोरा कागद ठेवून लाटणे फिरवावे. हवा राहिलेल्या जागी पाते कागद उचलते आणि फाडते. मॅट फारच सैल झाली असेल, तर कागदाच्या चारही कडांना मास्किंग टेप लावावी. टेप कापण्याच्या रेषेत येऊ देऊ नये.

आधी छोटा चौकोन

आता आकड्यांकडे येऊ. क्रिकटमध्ये आपण कागदाचा प्रकार निवडतो आणि मशीन दाब ठरवते. तो दाब थोडा कमी-जास्त करता येतो. सिल्हूटमध्ये पात्याची खोली, जोर, वेग आणि एकाच रेषेवरून किती वेळा जायचे, हे सगळे आपण ठरवू शकतो. कोणत्याही कामाआधी कागदाच्या कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन आणि त्याच्या पोटात छोटा त्रिकोण कापून पाहावा. चौकोन अलगद सुटला आणि त्रिकोणाचे तिन्ही कोपरे टोकदार राहिले, तर आकडे बरोबर आहेत. मॅटवर पात्याची खोल खूण उमटली असेल तर खोली कमी करावी. कागद अर्धवट कापला असेल, तर दाब एकदम वाढवण्यापेक्षा त्याच रेषेवरून दोनदा जाऊ द्यावे. जाड कागदाला दोन हलके कट एका जोरकस कटापेक्षा चांगले पडतात. नक्षी बारीक असेल तर वेग कमी करावा.

विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेही तेच. पाते, कागद आणि दाब एकाच वेळी बदलले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. मशीनशेजारी एक वही ठेवावी. कागदाचे नाव, ग्रॅम, दुकान, खोली, दाब, वेग आणि निकाल असे रकाने आखावे. कापलेला छोटा चौकोन तिथेच चिकटवून ठेवावा.

आणखी एक सवय लावून घ्यावी. कट पुरा झाला की मॅट लगेच बाहेर काढू नये. ती मशीनमध्येच असताना चिमट्याने एक कोपरा उचलून पाहावा. कापला नसेल तर पुन्हा कापण्याचे बटण दाबावे. पाते त्याच रेषेवरून जाते. मॅट एकदा बाहेर काढली की ती हुबेहूब त्याच जागी परत बसत नाही.

उर्दू हर्फांची गोष्ट वेगळी

आपल्या घरांत या मशीनवर सर्वांत जास्त कापली जातात ती नावे, आणि तीही उर्दूत. इथे इंग्रजी अक्षरांचे नियम पुरत नाहीत. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू टाइप केली की हर्फ सुटे पडतात किंवा डावीकडून उजवीकडे लागतात. अशा वेळी नाव इनपेजमध्ये नस्तालीकमध्ये लिहून, कोरल ड्रॉमध्ये त्याच्या बाह्यरेषा करून घ्याव्या. उर्दू छपाई करणारा ओळखीचा छापखाना हे काम सहज करून देतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या धूसर चित्रावरून रेषा काढल्या, तर त्यांत शेकडो नको ते बिंदू येतात. पाते प्रत्येक बिंदूवर हिसका घेते आणि कड करवतीसारखी दिसते.

नस्तालीकमध्ये हर्फ एकमेकांवर झुकतात. जिथे दोन आकार एकमेकांवर चढले असतील, तिथे ते एकजीव करून घ्यावे. या आज्ञेला वेल्ड म्हणतात. ते केले नाही तर पाते जोडाच्या मधूनच जाते आणि नाव तुकड्यांत निघते.

आणि नुक्ते! 'महमूद' या नावात एकही नुक्ता नाही. 'शफीक'मध्ये आठ आहेत: शीनचे तीन, फेचा एक, येचे दोन, काफचे दोन. 'खुदा' आणि 'जुदा' यांत फरक फक्त नुक्ता वर की खाली, एवढाच. म्हणजे कापताना उडालेला एक नुक्ता नावच बदलून टाकू शकतो, आणि दावतनाम्यावर चुकलेले नाव कोणालाच रुचत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की कापल्यावर अक्षरे मॅटवरच राहू द्यावी, वरून कमी चिकट टेप लावावी आणि हर्फ व नुक्ते एकत्र उचलून आपल्या जागी बसवावे. दुसरा उपाय आम्हाला अधिक पसंत आहे. नाव कापून चिकटवण्याऐवजी कार्डातच नावाची जाळी कापावी आणि मागून सोनेरी कागद लावावा. मग नुक्ता म्हणजे एक भोक, ते हरवणार कुठे? फक्त वाव, फे, काफ, स्वाद यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. तो बारीक पट्टीने बाकी कार्डाला जोडलेला ठेवावा. अशी कोणतीही पट्टी २०० ग्रॅमच्या कागदावर दीड-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

काढताना घाई नको

चांगला कट शेवटच्या क्षणी बिघडतो तो कागद ओढून काढल्याने. कागद मॅटवरून सोलू नये. मॅट पालथी घालून तीच हळूहळू मागे वाकवावी, म्हणजे कागद सपाट राहतो आणि सुटतो. राहिलेले तुकडे चिमट्याने उचलावे. पाते टाचणीहून तीक्ष्ण असते. ते बदलताना लहान मुले जवळ नसावी, आणि मशीन चालू असताना आत बोट घालू नये.

एक शेवटचा हिशेब. किंमत सांगताना चाचणीचा कागद आणि पात्याची झीज त्यात धरावी. शंभर कागदांमागे पाच-सात कागद जादा घ्यावे आणि त्यांचे पैसे सुरुवातीलाच मोजावे. गिऱ्हाइकाला हे सांगताना संकोच वाटायचे कारण नाही. शिंपी कापड मागताना शिवणीपुरते जास्त मागतोच.

तुमच्याकडच्या कोणत्या कागदाला कोणते आकडे बसले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. कागदाचे नाव, ग्रॅम आणि मशीन तेवढे सोबत लिहा. बऱ्याच जणींच्या वहीतले आकडे एकत्र आले, तर एक तक्ता करून याच पानावर देऊ. नव्याने मशीन घेणाऱ्या मुलीचे पहिले वीस कागद त्याने वाचतील.