वीज येताच मोटार का सुरू व्हावी?

कृषिपंपांना अनेक गावी वीज पाळीपाळीने मिळते. आणि पाळी रात्रीची असली म्हणजे मोटार सुरू करण्यासाठी शेतकऱ्यास अंधारात विहिरीवर जावे लागते. वाटेत साप-विंचवाचे भय, जुन्नरसारख्या भागात बिबट्याचे, आणि पौषातील थंडी तर सर्वत्रच. अशा स्थितीत वीज येताच आपोआप मोटार चालू करणारी पेटी, जिला खेडोपाडी 'ऑटो' याच नावाने ओळखतात, ती कोणी बसविली तर त्यात त्याचा आळस पाहणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे वीज कंपनी ऑटो काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करीत असते, आणि तेही विनाकारण नव्हे. दोष ऑटोमध्ये नाही. तो ऑटोच्या घाईत आहे.

ही घाई किती महाग पडते ते साध्या हिशेबाने कळते. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार चालू असताना सुमारे साडेसात अँपिअर वीज घेते. परंतु सुरू होण्याच्या क्षणी तीच मोटार याच्या पाच ते सात पट वीज ओढते. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता सुमारे ८४ अँपिअरची असते. तिच्यावर अशा दहा मोटारी असल्या तर चालताना त्या ७५ अँपिअर घेतील आणि डीपी तो भार सुखाने वाहील. पण दहाही ऑटो एकाच क्षणी जागे झाले की मागणी ४५० अँपिअरच्या घरात जाते. दाब खाली येतो. दाब ऐंशी टक्क्यांवर आला तर मोटारीचा फिरविण्याचा जोर चौसष्ट टक्केच उरतो. म्हणून ती वेग घेण्यास अधिक वेळ लावते आणि तेवढा वेळ जास्तीची वीज ओढीत राहते. एकाच रात्री वीज चार वेळा गेली-आली तर हा आघात चार वेळा होतो. मग कधी फ्यूज उडतो, कधी एखाद्याच्या मोटारीचे वाइंडिंग जळते, आणि कधी डीपीच जाते. हरभरा फुलोऱ्यात असताना डीपी जळाली म्हणजे नुकसान एकाचे राहत नाही.

तेव्हा ऑटो काढण्याचा उपदेश करीत बसण्यापेक्षा प्रत्येक ऑटोस थांबावयास शिकविणे हे अधिक शहाणपणाचे आहे. त्यासाठी लागणारे विलंब-मंडल इतके साधे आहे की तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही कारागीर ते एका दुपारी जुळवून देईल. त्याचा मुख्य भाग म्हणजे ५५५ क्रमांकाची आयसी. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली तिची रचना केली आणि आजही ती किरकोळ किमतीत मिळते. तिच्या २ व ६ क्रमांकाच्या पिना एकत्र जोडाव्या; तेथून एक कंडेन्सर १२ व्होल्टच्या धन बाजूस आणि एक रेझिस्टन्स ऋण बाजूस जोडावा. वीज येताच या जोडावरील दाब पुरा बारा व्होल्ट असतो आणि रिले बंद राहतो. कंडेन्सर जसजसा भरत जातो तसतसा तो दाब उतरतो आणि एक तृतीयांशावर आला की आयसी रिले चालू करते. ही मुदत रेझिस्टन्स व कंडेन्सर यांच्या गुणाकाराच्या १.१ पट असते. ४७० किलोओहम व २२० मायक्रोफॅरड घेतल्यास ती सुमारे ११४ सेकंद येते. कंडेन्सर ४७० मायक्रोफॅरडचा घेतला तर चार मिनिटे. आयसी दाबाचे प्रमाण पाहते, नेमका आकडा पाहत नाही. त्यामुळे गावचा दाब आज कमी व उद्या जास्त असला तरी मुदत फारशी बदलत नाही. खेड्यातील विजेसाठी हा गुण फार मोलाचा आहे.

रेझिस्टन्सशी समांतर एक डायोड जोडावा, त्याची पट्टीची बाजू पिनांकडे ठेवून. तो विसरला तर वीज क्षणभर जाऊन आली असता कंडेन्सर रिकामा झालेला नसतो, आणि मोटार मुदत न पाळताच सुरू होते. रिलेच्या कॉइलवरही उलटा डायोड हवा. मोठ्या मुदतीच्या लोभाने रेझिस्टन्स अनेक मेगओहमांचा घेऊ नये. कंडेन्सरमधून झिरपणारी वीजच मग इतकी पुरते की रिले कधीच लागत नाही.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावयास हवा. मोटारीची वीज या छोट्या रिलेतून कधीही नेऊ नये; त्याने केवळ स्टार्टरच्या कॉइलला आज्ञा द्यावयाची असते. अनेक स्टार्टरांची कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते आणि बाजारातील लहान रिले २५० व्होल्टचे असतात. तेथे मध्ये योग्य क्षमतेचा काँटॅक्टर घालावा, आणि ही जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. ओव्हरलोड व फेज-रक्षक काढून ही पेटी बसविणे म्हणजे शुद्ध वेडेपणा.

येथवरचे काम कारागिराचे. खरे अवघड काम पुढे आहे, आणि ते ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्या वाट्याचे आहे. दहाही पेट्यांची मुदत तीस सेकंदच ठेवली तर डीपीवरील आघात टळत नाही, केवळ अर्धा मिनिट पुढे सरकतो. पहिल्याने तीस सेकंद, दुसऱ्याने पन्नास, असे वीस-वीस सेकंदांनी चढत गेले तर दहावी मोटार २१० सेकंदांनी लागेल. आठ तासांच्या पाळीत साडेतीन मिनिटांचे पाणी ते काय! तरीही शेवटचा क्रमांक कोणी आनंदाने घेणार नाही, आणि स्क्रू फिरवून पुढे घुसण्याचा मोह होणारच. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने पाटाच्या पाण्याची पाळी शेतकऱ्यांनीच ठरविली व पाटकऱ्याकडून पाळून घेतली. पाण्याची पाळी पाळता येते, तर सेकंदांची का येऊ नये?

डीपीवरील सर्वांस एकत्र बसवून चिठ्ठ्यांनी क्रमांक काढावे आणि दर हंगामास ते उलट करावे, म्हणजे कुरबुर राहणार नाही. कंडेन्सरवर छापलेल्या आकड्यात वीस टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. म्हणून प्रत्येक पेटीत कमी-जास्त करता येणारा प्रिसेट घालून मुदत हातात घड्याळ धरून जुळवावी आणि प्रिसेटवर लाखेचा थेंब टाकावा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत कंडेन्सर लवकर म्हातारा होतो. तेव्हा रब्बीच्या आरंभी सर्वांच्या समक्ष दहाही मुदती पुन्हा मोजून पेटीवर रंगाने लिहाव्या.