शेळ्या बाहेरच बऱ्या

आपले लोणार सरोवर सन २००० पासून अभयारण्य आहे. आजी म्हणते, "आत एवढा पाला हाय, मंग शेळ्या उपाशी काऊन ठेवाच्या?" मलाही आधी तसेच वाटे. पण शेळ्या रोपांचे शेंडेच खातात. झाडे गेली तर पावसात उतारावरची माती सरोवरात येईल. मोरांचा आडोसा जाईल.

गुरुजी म्हणाले, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांमुळे. असे जीव गोड्या पाण्यात जगत नाहीत. जवळपास दुसरे खारे तळे नाही. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत आले.

शेळ्यांना पाला बांधावरून आणता येतो. शाळा सुटली की मी आणीन. त्या जिवांनी कुठं जावं?